अधिवेशन कसे पाहावे: ज्यांचा प्रश्न उद्भवत नाही अशा नागरिकांसाठी

नागपुरात भरणारे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन संपले की आपल्यालाही त्याला गुण द्यावेसे वाटू लागतात. मात्र अभ्यासाविना मूल्यमापन करणे बरे नव्हे, म्हणून दर डिसेंबरात झिरो माइलजवळच्या बॅरिकेडसमोर वाट पाहण्यात आयुष्याचा बराच भाग घालवलेल्या एका नागपूरकराच्या या सूचना.

आरंभ चहापानापासून करावा. आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक बहिष्कार टाकतात. हा विधी यथासांग पार पडला, तर मुहूर्त चांगला लागला असे समजावे.

कालावधी पाहून नाक मुरडू नये. विदर्भासह एक मराठी राज्य व्हावे म्हणून नेत्यांनी केलेल्या 1953 च्या नागपूर कराराने वर्षाला किमान एक अधिवेशन नागपूरला देऊ केले. ते 2024 साली सहा दिवसांत आणि 2025 साली सात दिवसांत उरकले, म्हणजे एका वर्षात सुमारे सतरा टक्क्यांची वाढ झाली. याच सात दिवसांच्या अधिवेशनात 75 हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. दिवसाचा हिशेब दहा हजार कोटींच्या वर जातो. आमच्या इतवारीतला घाऊक व्यापारी मिरचीची पोतीसुद्धा यापेक्षा अधिक वेळ घेऊन तपासतो.

विरोधी पक्षनेता शोधत बसू नये, कारण त्या अधिवेशनात ते पद दोन्ही सभागृहांत रिकामेच होते.

विधान भवनाच्या पायऱ्यांवर गळ्यात संत्र्यांच्या किंवा कापसाच्या माळा घालून कोणी घोषणा देताना दिसल्यास तेच कामकाज आहे असे मानून घ्यावे.

मोबाइल पाहणाऱ्या सदस्यांबद्दल मन कलुषित करू नये. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसल्याची चित्रफीत गाजली, आपण जाहिरात बंद करीत होतो असा खुलासा त्यांनी केला आणि पुढे त्यांना क्रीडा खाते मिळाले. गुणांची कदर होत नाही असे यापुढे कोणी म्हणू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, ती म्हणजे प्रश्नोत्तरे वाचण्याची. तारांकित प्रश्नांची, म्हणजे तारेची खूण लावलेल्या आणि सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, यादी मिळाल्यास अवश्य वाचावी, कारण इतके शुद्ध आणि इतके निष्पाप मराठी गद्य अन्यत्र आढळत नाही. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाची सुरुवात ‘हे खरे आहे काय’ अशी होते आणि त्याचे उत्तर बहुधा ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘हे अंशतः खरे आहे’ यांपैकी एक असते. माझ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद दीड वर्षापासून रिक्त आहे. गावकऱ्यांनी तालुक्याला खेटे घालून, आमदारांच्या स्वीय सहायकाच्या दारात दोन दिवस बसून तो प्रश्न यादीत घालवून घेतला. यादीत त्याचा क्रमांक इतका खालचा होता की, प्रश्नोत्तरांचा तास संपला तेव्हा सभागृह त्याच्या आसपासही पोहोचलेले नव्हते. त्यामुळे चर्चा झाली नाही, उपप्रश्न विचारला गेला नाही, हाती आले ते केवळ छापील उत्तर. पद रिक्त आहे काय? हे अंशतः खरे आहे. रिकामी खुर्ची अंशतः रिकामी कशी असते, याचा उलगडा पुढच्या ओळीत होतो: लगतच्या केंद्रातील अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात आला आहे. त्या बिचाऱ्यांकडे तीन केंद्रे आहेत. आमच्याकडे ते मंगळवारी येतात, तेही गाडी मिळाली तर. शेवटच्या ओळीत विलंबाची कारणे काय, असे विचारले होते. उत्तर: प्रश्न उद्भवत नाही. माझ्या काकूला कापूस वेचताना साप चावला तो शुक्रवारी. केंद्राच्या दाराला कुलूप होते आणि त्या कुलपात कोणीतरी सर्पदंशावरील लशीच्या जनजागृतीचे पत्रक गुंडाळून खोचून ठेवले होते. तेथून जीपने उपजिल्हा रुग्णालयापर्यंत दीड तास लागला. काकू वाचली, पण तिच्या पायाची दोन बोटे गेली. दहापैकी दोन, म्हणजे शासकीय भाषेत नुकसानही अंशतःच.

मोर्चे पाहायचे असल्यास लांबूनच पाहावेत. निवेदन घ्यायला कोणीतरी येईल म्हणून थांबलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चेकऱ्यांपैकी 114 जण याच शहरात 23 नोव्हेंबर 1994 रोजी चेंगरून मेले.

येथे मला विनोद सुचत नाही आणि आता सुचवूनही घ्यायचा नाही. सन्माननीय सदस्यहो, निम्मे सरकार आठवडाभरासाठी येथे येते, मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनाला रंग लागतो, आमदार निवासातल्या गाद्या बदलतात, आमचे रस्ते बंद होतात, आणि हे सर्व आम्ही सोसतो ते आमचे प्रश्न विचारले जातील एवढ्याचसाठी. ते यादीच्या तळाशी ढकलायचे असतील, तर त्यांना तारा तरी कशाला लावता? ज्याने ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिले त्याने केंद्राला एक फोन तरी केला होता का? आणि ज्यांनी त्याखाली सही केली त्यांनी ते वाचले होते का? मतदारसंघातल्या लग्नांना आणि बारशांना तुमची हजेरी चुकत नाही. मग आमच्या केंद्राच्या कुलपापर्यंत एकदा या, काकू चहा करील. फक्त मंगळवारी येऊ नका.