‘हॉटेल मालकाचं, मग ड्रेस कोडही मालकाचाच’? नाही!

गोव्यात हॉटेल-कॅसिनोत काम करणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘खासगी नोकरीत समानतेचा कायदा लागूच होत नाही. पुरुषांनाही युनिफॉर्म असतो, मग भेदभाव कसला? नियम मोडला तर मालक पगार कापू शकतो.’ हे खरं मानून पणजी-कळंगुटच्या कितीतरी मुली हिल्स-मेकअपच्या सक्तीबद्दल गप्प बसतात. त्यांच्यासाठी हे उत्तर.

युनिफॉर्म ठरवायचा अधिकार मालकाला आहे, यात वाद नाही. पण खासगी नोकरीत कायदा नाही, हे साफ चूक. संविधानातलं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं आहे, हे खरं. खासगी मालकांना मात्र 1976 चा समान वेतन कायदा बांधत होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेली वेतन संहिता बांधते. तिच्या कलम 3 नुसार सारख्याच कामासाठी नेमताना नोकरीच्या अटींत स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. कपड्यांचं नाव कलमात नाही, पण सक्तीचा ड्रेस कोड ही नोकरीची अट नाही तर काय?

‘पुरुषांनाही युनिफॉर्म असतो.’ असतो ना! प्रश्न कुणावर किती भार पडतो, हा आहे. रिसेप्शनवरचा मुलगा सपाट बुटांत उभा राहतो. शेजारच्या मुलीला अख्खी शिफ्ट हिल्स आणि स्वतःच्या पैशांचा मेकअप. अमेरिकेत रीनोच्या कॅसिनोतली बारटेंडर मेकअपच्या सक्तीविरुद्ध लढली आणि 2006 मध्ये हरली. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण ती का हरली ते पाहा: बायकांवर जास्त वेळेचा आणि खर्चाचा भार पडतो, याचा पुरावा तिने कोर्टासमोर ठेवला नव्हता. म्हणून बिलं जपा, नियम लेखी मागा. तोंडी हुकूम नंतर कुणालाच आठवत नाही.

पगार कापण्याबद्दल तर मजकूर निव्वळ दिशाभूल करतो. त्याच वेतन संहितेनुसार दंड कशासाठी, हे सरकारी मंजुरीने आधी नोटीस लावून जाहीर करावं लागतं, कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि एका पगाराच्या मुदतीतला एकूण दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. लिपस्टिक लावली नाही म्हणून मॅनेजरने मनाला येईल तेवढी रक्कम कापणं बेकायदाच.

आणि स्कर्टच्या लांबीवरून अश्लील शेरे मारले जात असतील, तर तो विषय ड्रेस कोडचा राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली तो लैंगिक छळ ठरतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी.