बाह्यांना टाचलेल्या सेफ्टी पिना

आज लेकीच्या कॅथलिक शाळेत पालकसभा होती. विषय, शाळेत श्रद्धेचं वातावरण कसं वाढवायचं. प्रार्थनेची खोली नव्याने रंगवणार, बायबल क्विझ घेणार, प्रत्येक वर्गात नवा क्रूस लावणार. मी मान डोलावत होते. तेवढ्यात पावसाचं पाणी दारातून हॉलमध्ये आलं. सफाईच्या मावशी बादली घेऊन धावत आल्या आणि घाईत बादली कलंडली. एक शिक्षिका सगळ्यांदेखत ओरडल्या, "अक्कल आहे की नाही? लोक बसलेत, दिसत नाही?" गाणं म्हणायला आलेली आठवी-नववीची मुलं समोरच उभी होती. मावशी उकिडव्या बसून फडक्याने पाणी ओढत राहिल्या. सभा पुढे सुरू झाली. पडद्यावर पुढचं चित्र आलं ते शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूचं.

घरी आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय.

१९८६ साली मी पाचवीत होते, इथेच वसईत, सिस्टरांच्या शाळेत. सफाईच्या बाई बाळंतपणाला गेल्या होत्या आणि बदली माणूस मिळत नव्हतं. तरी संडास रोज लख्ख. एका सकाळी आजीबरोबर सहाच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, येताना वर्गात राहिलेलं दप्तर घ्यायला मी शाळेत शिरले. मुलांच्या संडासात मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, खराट्याने फरशी घासत होत्या. पांढऱ्या झग्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडून सेफ्टी पिनांनी टाचलेल्या. फिनेलचा भपकारा. मला बघून एवढंच म्हणाल्या, "दप्तर घे नि पळ घरी, काहीतरी खाऊन ये." नंतर प्रार्थनेला त्याच माइकसमोर उभ्या होत्या. बाह्या खाली सोडलेल्या, पण जिथे पिना होत्या तिथे चुण्या पडलेल्या. त्या चुण्यांकडे बघत मी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. तोवर ती प्रार्थना मला नुसती पाठ होती.

सिस्टरांनी याचा कधी उल्लेख केला नाही. ना प्रार्थनेच्या वेळी, ना धर्मशिक्षणाच्या तासाला.

आता कुणी म्हणेल, आपल्या शाळांत हिंदू-मुसलमान मुलंही आहेत, शिक्षकही सगळे कॅथलिक नाहीत. मान्य. संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं २८वं कलम आहे, आणि ते योग्यच आहे. पण मावशींशी नीट बोलायला कुठली संमती लागते? त्या संडासाची फरशी सगळ्याच मुलांसाठी घासलेली होती. माझ्या वर्गातली पाचूबंदरची कोळ्यांची पोरं, शेजारच्या बाकावरची मुसलमान मैत्रीण, सगळ्यांना त्या सिस्टर आपल्या वाटायच्या. ३०व्या कलमाने आपल्याला आपल्या शाळा चालवायचा हक्क दिलाय. तो काय फक्त दारावर संताचं नाव लावायला?

संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा. किल्ल्यात जेझुइट फादरांकडे शिकला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला, १८६२ मध्ये संत झाला. त्याच्यावर नाटुकलं बसवायला लेकीच्या शाळेत महिनाभर तालमी चालतात. आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा युनिट टेस्ट आहे म्हणून रद्द! गेल्या वर्षी दोनदा झालं हे. एकाही पालकाने विचारलं नाही. रोबोटिक्सचा तास बुडाला असता तर ग्रुपवर शंभर मेसेज पडले असते.

लिहिता लिहिता त्या शिक्षिकेचा चेहरा समोर येतोय. तरुण पोर आहे. तुटपुंजा पगार, वर्गात साठ मुलं. तिला कधी कुणी विचारलं असेल का, बाई, तू थकलीस का? आमच्या वेळी कॉन्व्हेंटात, म्हणजे सिस्टरांच्या निवासात, सात सिस्टर होत्या, शाळेत सतत कुणीतरी दिसायचं. आता तिथे तीन आहेत, त्यातल्या एक अंथरुणाला खिळलेल्या. तो भार तिच्यासारख्या पोरींवर आलाय आणि पेलायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ती ओरडली ते चुकलंच. पण तिच्यावरचा माझा राग आता निवलाय.

आपल्यावरचा नाही निवला. आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक, हे चर्चने १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट सांगितलंय. आणि आपण? पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये मुलांना पहिल्यांदा पवित्र भाकर मिळते त्या विधीचा, फोटो निघाला की रविवारच्या धर्मशिक्षणाच्या जागी ट्यूशन. संध्याकाळची जपमाळ कितींच्या घरी उरलीय? कामवालीचा कप वेगळा ठेवणारी घरं आपल्यातही आहेत, मला माहीत आहेत. मुलं घरी हे बघणार आणि शाळेने त्यांना श्रद्धा द्यायची.

आणि मी. मोठ्या सिस्टरांना खराटा हातात घेतलेलं या डोळ्यांनी पाहिलेली मी, दुसऱ्या रांगेत बसले होते. पाणी पायाशी आलं तेव्हा नवी चप्पल भिजू नये म्हणून मी पाय वर घेतले. खाली वाकून एक फडकं उचलायला किती वेळ लागला असता?

उद्या सकाळी मुख्याध्यापिकांना भेटायला जाणार आहे, मिस्सेचंही बोलणार आहे. पण त्याआधी मावशींना गाठायचंय. लेक पाच वर्षं त्या शाळेत आहे, रोज फाटकाशी आम्ही एकमेकींना बघतो, आणि मला त्यांचं नाव माहीत नाही.