एका अनुस्वाराचा फरक

'सोप' आणि 'सोपं' यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. तो अनुस्वार शोधण्यात माझे तीन आठवडे गेले.

'सोप' (SOAP) म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांना एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावून, निरोप पाठवायची पद्धत. काम किरकोळ होतं. समोरच्या कंपनीच्या सर्व्हरला ऑर्डर नंबर द्यायचा, त्यातल्या वस्तूंची यादी घ्यायची, आणि असलीच तर सवलत कळवायची. त्यांच्या इंजिनिअरचा मेल आला, "सर, डब्ल्यूएसडीएल जोडली आहे. कुठल्याही भाषेतून कॉल करता येईल." डब्ल्यूएसडीएल म्हणजे त्यांच्या सर्व्हरला काय आणि कसं विचारायचं ते सांगणारी फाइल. आमच्याकडे वेबसाइट पीएचपीत, हिशेबाचं सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये आणि रात्री आपोआप चालणारे जॉब जावात. म्हटलं, वा, एकाच फाइलीत तिघांचं भागतंय.

ती फाइल उघडली. ऑर्डर नंबर कुठे लिहायचा ते सापडेपर्यंत स्क्रोल करून बोट दुखलं. त्यात प्रत्येक टॅगला नेमस्पेस, म्हणजे आडनाव. दिसायला ते वेबसाइटच्या पत्त्यासारखं असतं, पण ब्राउझरमध्ये टाकलं तर तिथे कोणी राहत असेलच असं नाही. शेवटची तिरकी रेघ मात्र विसरायची नाही. विसरलात तर सर्व्हर ओळखच दाखवत नाही.

पीएचपीत कॉल तीन ओळींत गेला. तीन वस्तू मागवल्या, तीन वस्तू आल्या. मी खुशीत लाइव्ह केलं. दुसऱ्या दिवशी एकच वस्तू असलेली ऑर्डर आली आणि पडद्यावर चार वस्तू दिसल्या: पहिली 'नाव', दुसरी 'नग', तिसरी 'दर', चौथी 'कर'. झालं असं, की यादीत एकच वस्तू असेल तर पीएचपी यादी देतच नाही, थेट ती वस्तूच हातात ठेवतं. यादीतली एकेक वस्तू उचलणारा माझा लूप बिचारा तिचेच अवयव मोजत बसला. यावर उपाय म्हणून एक खास सेटिंग आहे. ते आहे हे ज्याला माहीत असतं, त्यालाच सापडतं.

याच दरम्यान समोरच्यांनी डब्ल्यूएसडीएलमधली एक चूक सुधारली. माझ्याकडे तीच जुनी चूक येत राहिली. मी दोन तिखट मेल पाठवले. मग कळलं, पीएचपी ती फाइल एकदा आणली की मूळ सेटिंगनुसार ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस, जपून ठेवतं. तिसरा मेल माफीचा होता.

सी शार्पची गंमत याहून वरची. तिथे व्हिज्युअल स्टुडिओ सगळे क्लास आपणहून तयार करून देतो. मी सवलतीत ५० लिहिलं. समोरून निरोप आला, "सर, सवलत येत नाहीये." डीबगरमध्ये बघितलं, ५०. पुन्हा पाठवलं. "सर, नाही आली." शेवटी बाहेर जाणारं एक्सएमएल उघडलं, तर त्यात सवलतीचा टॅगच नाही! दोन तास त्या क्लासकडे टक लावून बसल्यावर दिसलं की सवलतीच्या शेजारी 'डिस्काउंट स्पेसिफाइड' नावाची आणखी एक प्रॉपर्टी आहे आणि तिथे 'फॉल्स' आहे. आकडा ऐच्छिक असेल तर नुसतं ५० लिहून भागत नाही. मी ५० लिहिलंय आणि ते मला खरोखरच पाठवायचंय, असं वेगळं कबूल करून द्यावं लागतं. एवढी खातरजमा मी फाइल कायमची डिलीट करतानाही कुणाला देत नाही.

जावाचं थोडक्यात सांगतो. जुन्या लेखांत असतं की डब्ल्यूएसडीएलवरून कोड काढून देणारं 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' जावाबरोबरच येतं. यायचं. २०१८ च्या जावा ११ मधून ते काढून टाकलं. मी लायब्ररी जमवल्या, कॉल केला आणि ४१५ चा एरर, म्हणजे 'हा प्रकार मला चालत नाही', खाल्ला: त्यांची सर्व्हिस सोप १.१ ची, माझा क्लायंट १.२ बोलणारा, आणि दोघांचा कंटेंट टाइप, म्हणजे मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारं लेबल, वेगळा. १.१ मध्ये सोपमधल्या 'एस'चा अर्थ 'सिंपल' होता. २००३ साली आलेल्या १.२ ने सांगून टाकलं की हे नाव आता कशाचंही लघुरूप नाही. समितीत एखादा तरी प्रामाणिक माणूस असणार.

त्या रात्री मी जावाचा नाद सोडला. सी शार्पमधून गेलेलं, चाललेलं एक्सएमएल जसंच्या तसं उचललं, पायथनमध्ये भलीमोठी स्ट्रिंग म्हणून चिकटवलं, मधे ऑर्डर नंबर आणि ग्राहकाचं नाव भरलं आणि पोस्ट केलं. पहिल्या फटक्यात चाललं. वर कॉमेंट टाकली: 'तात्पुरतं'.

पाच महिने गुण्यागोविंदाने गेले. मग एका ग्राहकाच्या फर्मच्या नावात दोन भागीदारांच्या मधे 'अँड'चं ते वेटोळं चिन्ह आलं. एक्सएमएलमध्ये ते असं उघडं ठेवायचं नसतं. रात्रीचा जॉब पडला, आणि सकाळी मेल हजर, "सर, तुमचं एक्सएमएल तुटतंय. नेमकं कुठल्या भाषेतून कॉल करताय?"

मी लिहिलं, "हाताने."