एकतारी बीअर

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, त्या पुण्याईवर जिल्हा अजून कागदोपत्री कोरडा आहे. अशा जिल्ह्यात झेडपीच्या मास्तराने घरी जिंजर बीअर करू नये. करायचीच तर तिला आल्याचं सरबत म्हणावं. मी पानठेल्यावर 'बीअर' म्हणून बसलो. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती : मास्तरकडे निंगते.

खरं तर त्यात काही नसतं. साल न काढता किसलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं, रोज चमचा-चमचा आलं-साखर चारायची. सालीवरचं यीस्ट जागं होतं आणि चार-पाच दिवसांत बरणी फसफसू लागते. हे झालं विरजण. मग आल्याचा काढा साखर घालून उकळायचा, गार करायचा, त्यात लिंबू आणि हे विरजण घालून बाटल्या भरायच्या. दोन दिवसांत फ्रिजमध्ये टाकल्या तर दारूचा अंश नावापुरता.

पण दिवस होते नवतपाचे. बाहेर ४५ अंश. बरणीला थंडावा म्हणून मी ती कूलरसमोर स्टुलावर ठेवली आणि स्वतः घाम पुसत बसलो. बायको म्हणाली, "तुमच्या सासऱ्यानं कूलर माणसांसाठी दिलाय, बरणीसाठी नाही." मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले तेव्हा मी सगळ्या घराला बोलावून दाखवले. कोणी फार हललं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आई ओरडली, "बाबू, तुह्या बीअरले साय आली रे!"

खरंच आली होती. पांढरी, पातळ, कोमट दुधावर पडतात तशा सुरकुत्या पडलेली. मी मोबाईलवर वाचलं : केसाळ, हिरवी-काळी असेल तर बुरशी, सगळं फेका; सपाट, पांढरी असेल तर हवेवर वाढणारं रानटी यीस्ट, घाबरू नका. मी घाबरलो नाही. चमच्याने साय काढली आणि आतलं किती फसफसतंय ते पाहायला चाटूने ढवळून चाटू वर उचलला.

तर तार आली.

थेंब पडायला हवा होता. त्याऐवजी चाटूपासून बरणीपर्यंत एक लांब, चकचकीत, न तुटणारी तार लोंबत राहिली. भेंडी चिरताना सुरीला येते तशी. बायकोने चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "एकतारी पाक झाला. लाडू वळायचे का?"

साखरेवर जगणारे काही लॅक्टिक (दह्यातल्यांच्या भावकीतले) जिवाणू असा चिकट पदार्थ तयार करतात. साखर कारखान्यात ऊस शिळा झाला की रस बुळबुळीत होतो, तो यांचाच प्रताप. म्हणजे माझ्या बरणीत परके घुसले होते. कुठून?

मी मास्तर असल्याने आईला पाश्चर सांगायला घेतला. १८५६ साली फ्रान्समधल्या लिल गावच्या एका कारखानदाराचा बीटाच्या दारूचा माल हौदातच आंबट होऊन नासू लागला. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर चांगल्या हौदात गोल गोल यीस्ट आणि नासलेल्या हौदात बारीक काड्यांसारखे जिवाणू...

आई ऐकत होती, पण हात चालू होता. कोपऱ्यातल्या मोठ्या गंजात कुरड्यांचा गहू तीन दिवसांपासून भिजत होता. ती तो ढवळत होती. चाटूनं. त्याच चाटूनं, जो मी रोज बरणीत घालत होतो आणि 'जागेवर' म्हणून तिच्या गंजावर आडवा ठेवत होतो. लाकडाच्या भेगांत काय काय बसतं ते धुवून निघत नाही, हे मी आदल्याच आठवड्यात वाचलेलं. शिवाय बरणीच्या तोंडाचं फडकंही मागच्या घाण्याचा चीक गाळलेलं.

"आई, तुझा गहू आंबलाय."

"आंबनच ना बाप्पा. आंबल्याबिगर कुरडी फुलते का?"

यावर पाश्चरकडेही उत्तर नसावं. मी बरणी परसातल्या सीताफळाच्या बुडाशी ओतली. पडताना आवाजसुद्धा झाला नाही, नुसती घरंगळत गेली.

संध्याकाळी अंधार पडल्यावर दारात खाकरल्याचा आवाज. गल्लीतले एक काका, टॉवेलखाली स्टीलचा डबा. "मास्तर, जरासक..." बिघडली म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी न धुतलेल्या बरणीत बोट बुडवलं, वर उचललं, तारेकडे बराच वेळ पाहिलं. "हे भेंडीची हाय का?"

मला वाटलं विषय संपला. पण आईने गंजावरचं झाकण काढून वास घेतला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. "आल्याचा वास येऊन रायला. तुह्या बीअरनं माहा गहू नासवला तर पाय!"

गहू नासला नाही. कुरड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, गच्चीवर खाटेवरच्या पातळावर वाळल्या, कावळे हाकलायला मीच बसलो. आईने मात्र ते आल्याच्या वासाचं शेजारी सांगितलं. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतं. गेल्या वर्षापर्यंत कुरडीकडे ढुंकून न पाहणारे बाप्ये, हातात टॉवेल, आवाज खाली.

"वहिनी, मास्तरच्या घरच्या कुरड्या... हायेत का दोन-चार?"