मेटफॉर्मिन बंद करायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘साखर नसताना मेटफॉर्मिन घेऊ नका. पीसीओएसवाल्या बायकांच्या नसा त्याने कमजोर होतात, वेदना सोसण्याची ताकद जाते. पाळीत जास्त दुखायला लागलं तर गोळी लगेच बंद करा.’ हा मेसेज मैत्रिणी एकमेकींना काळजीपोटीच पाठवतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

साखर नसताना ही मधुमेहाची गोळी का? पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या विकारात, अनेकींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग इन्सुलिन जास्त तयार होतं आणि त्या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरकं वाढतात. मेटफॉर्मिनचं काम इथे आहे. एकटी घेतली तर ती सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाही.

नसांचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. मेटफॉर्मिनमुळे बी१२ जीवनसत्त्वाचं शोषण कमी होतं. डोस मोठा आणि वापर दीर्घ असेल तर धोका वाढतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2022 मध्ये यावर खास सूचना काढली. यकृतात बी१२चा साठा असतो, त्यामुळे कमतरता सावकाश उघडी पडते: आधी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, जळजळ, चालताना तोल जाणं. शाकाहारी असाल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची असेल तर जास्तच लक्ष ठेवा. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना सांगितली जाते. बाळासाठी प्रयत्न करताना फॉलिक अ‍ॅसिड सुरू असतं. त्याने रक्तातली कमतरतेची खूण झाकली जाऊ शकते आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणजे हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निर्धास्त राहू नका, बी१२ची वेगळी तपासणी मागा. कमतरता निघाली तर बी१२ द्यायचं असतं; त्यासाठी मेटफॉर्मिन थांबवावीच लागते असं नाही.

‘सोसण्याची ताकद जाते’ याला आधार नाही. मेटफॉर्मिनमुळे पेशींमधलं एएमपीके हे विकर (एन्झाइम) सक्रिय होतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने वेदना उलट कमी झालेल्या दिसल्या. तेवढ्यावरून तिला वेदनाशामक म्हणणंही चूक. पीसीओएसमध्ये नैराश्य, चिंता, झोपेचे त्रास जास्त आढळतात आणि यातली प्रत्येक गोष्ट दुखणं वाढवू शकते. त्याची चौकशी न करता गोळीवर खापर फोडलं की त्या बाईचा खरा त्रास तसाच राहतो. याची मला मनापासून चीड येते.

सुरुवातीच्या आठवड्यांत पोटात मुरडा, जुलाब होतात, हे खरं. जेवणाबरोबर घेणं, डोस हळूहळू वाढवणं, सावकाश विरघळणारी गोळी, यांनी बहुतेकींना आराम पडतो.

राहिलं पाळीतलं दुखणं. बीज सुटत नसेल तर रक्तस्राव अनेकदा कळांशिवाय होतो. औषधाने बीज सुटायला लागलं की पाळीत कळा येऊ शकतात, म्हणजे औषध लागू पडल्याचंही ते लक्षण असू शकतं. पण असह्य दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे का ते बघायला हवं, कारण दोन्ही आजार एकत्र असू शकतात. आणि बीज सुटू लागलं म्हणजे दिवस राहण्याची शक्यताही आली: पाळी चुकून ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.