ठासणीच्या बंदुकीला रेंजवर जागा हवी

इंग्लंडात राहून सोलापूरच्या मंडळींशी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीच्या परवान्यावर बोलायला लागलं की एक प्रश्न ठरलेला: "तिकडे कायदा आपल्याहून कडक, मग इथे ढिला कशाला?" कडक आहेच. पण तो नेमक्या जागी कडक आहे.

आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. त्यात ठासणीच्या बंदुकीचं नाव येतं ते पीकराखणीसाठी. रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीसाठी २०१९पर्यंत पॉइंट २२ रायफल नाहीतर एअर रायफलच होती; त्या सालच्या दुरुस्तीने तिथे नुसतं 'बंदूक' आलं, ठासणीचं नाव नाही. म्हणजे उत्तर सोलापुरात ज्वारीत रानडुकरं शिरतात म्हणणाऱ्याचा अर्ज कलमात बसतो (डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी). क्लबबाहेर राहून कागदी लक्ष्यावर बार काढू पाहणाऱ्याला मात्र शहरात पोलीस आयुक्तांना, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांना 'सबळ कारण' पटवावं लागतं. त्यात त्याच दुरुस्तीने माणशी दोनच बंदुका, वारशाची धरून.

इंग्लंडात अशी बंदूक बाळगायची तर तिचं सर्टिफिकेट लागतं आणि काळ्या दारूसाठी (बंदुकीत भरायच्या स्फोटक पुडीसाठी) पोलिसांचं वेगळं. दारू घरी कप्प्यांच्या लाकडी खोक्यात, एका कप्प्यात फार तर ५५० ग्रॅम. आग लागलीच तर सगळी एकदम पेटू नये म्हणून. १९९७ साली पिस्तुलांवर बंदी आली, त्यातून ठासणीची पिस्तुलं वगळली. मला हे पटतं. मापाने दारू ओता, कापडी चकतीसकट शिशाची गोळी गजाने ठासा, ठिणगी पाडणारी टोपी चढवा, मग एक बार. गुन्हेगाराला एवढी सवड कुठली?

खरा धोका बंदूक भरण्यात आहे. गोळी दारूला न टेकता अर्ध्यात अडकली तर नळी फुगते, फाटतेही. म्हणून गोळी पूर्ण बसल्यावर गज किती बाहेर राहतो, त्याची गजावर खूण करतात. भुदल्यातून, म्हणजे दारूच्या डब्यातून, थेट नळीत दारू ओतायची नाही. आत निखारा राहिला असेल तर हातातला भुदलाच उडतो. काडतुसातली बिनधुराची दारू तर कधीच नाही, तिचा दाब ही नळी सोसत नाही. बार झाला नाही तर नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबायचं. काजळी ओल ओढते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावायचं.

हे सगळं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाणत्याच्या नजरेखाली शिकायचं असतं. आपला कायदा ही बंदूक नाव घेऊन थेट शेतात धाडतो, जिथे शिकवायला कोणी नाही. कलम १३मध्ये क्लबच्या सभासदांसाठी ठासणीची रायफल नावानिशी घाला, दारूचा परवाना वेगळा ठेवा, घरी किती ठेवायची ते ग्रॅममध्ये लिहा.