खुलासा: ब्रिटनच्या दशमान नाण्यांबद्दलचा तो मेसेज

'भारताने १९५७ मध्ये नवे पैसे आणले, ते पाहून ब्रिटनला दशमान पद्धत सुचली आणि १९७१ मध्ये त्यांनी आपली नक्कल केली', असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही वर्षं बरोबर आहेत, पण 'सुचली' हे चूक.

१८२४ मध्येच सर जॉन रॉट्सली यांनी ब्रिटिश संसदेत हा विषय काढला होता, तो बारगळला. मग १८४९ मध्ये चाचपणी म्हणून दोन शिलिंगांचं 'फ्लोरिन' हे नाणं निघालं (तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड व्हायचा). पुरावा त्या नाण्यावरच आहे: 'एक फ्लोरिन, पौंडाचा दहावा भाग' अशी अक्षरं त्यावर कोरलेली आहेत. गंमत म्हणजे बोभाटा दशमानाचा झालाच नाही. राणीच्या नावापुढची 'देवाच्या कृपेने' ही अक्षरं गाळली म्हणून लोक चिडले, आणि १८५१ पासूनच्या नाण्यांवर ती परत आली. फ्लोरिन चाललं, पण बारा पेन्सचा शिलिंग तसाच राहिला. पुढे शाही आयोग नेमला गेला, त्यानेही १८५९ मध्ये नकारच दिला.

आपण त्यांच्या १४ वर्षं आधी दशमान झालो, हे खरंच आहे. तेवढंच लिहा की! नक्कल केल्याचा मजकूर मात्र कृपया पुढे पाठवू नका, आणि ग्रुपवर टाकला असेल तर तिथे हा खुलासाही टाका.